पंधरा वर्षांच्या पासिंगआधीचं ‘गंज पॅकेज’: कशाचे पैसे द्यावेत, कशाचे नाहीत

गाडीला पंधरा वर्षं होत आली की बॉडीशॉपवाले ठरलेलं पॅकेज पुढे करतात. गंज काढायचा, सडलेल्या जागी पत्रा मारायचा, पुट्टी, रंग, खालून काळं अंडरकोटिंग, आणि जमलं तर एजंटमार्फत आरटीओचं कामही त्यातच. आकडा एकरकमी. मुंबई-ठाण्यापासून कोकण-गोव्यापर्यंत हे पॅकेज थोड्याफार फरकाने सारखंच विकलं जातं, म्हणून इथे एखाद्या गॅरेजऐवजी पॅकेजचाच रिव्ह्यू करतोय. मत आधीच सांगून टाकतो: पत्र्याच्या कामाचे पैसे वसूल होतात, रंगाचे निम्मे होतात, आणि अंडरकोटिंग ज्या पद्धतीने मारलं जातं त्या पद्धतीने फुकट मिळालं तरी घेऊ नये.

आधी आरटीओत नेमकं काय लागतं ते. खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणजे २०११ ची गाडी २०२६ मध्ये दारात उभी. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. कारसाठी फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या कारसाठी २०२५ च्या बदलानंतर १०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली की महिन्याला ५०० रुपयांचा भुर्दंड, त्यामुळे गॅरेजवाल्याच्या ‘पुढच्या आठवड्यात देतो’ला इथे खरोखर किंमत मोजावी लागते. पत्र्याचं काम मुदतीच्या निदान दोन महिने आधी हातात घ्या, आणि शक्य असेल तर पावसाळा टाळा. दमट हवेत प्रायमर मारायचा म्हणजे गंजावर झाकण लावायचं.

निरीक्षक गाडी समोर आली की दिवे, वायपर, हॉर्न, टायर, सीटबेल्ट, एचएसआरपी नंबरप्लेट बघतो आणि चासी नंबर जुळवतो. बॉडीत त्याला खटकतात त्या दिसणाऱ्या गोष्टी: आरपार भोकं, फाटलेला धारदार पत्रा, लोंबणारा बंपर, नीट न लागणारं दार. रंगाचा फुगा आलाय म्हणून सहसा कोणी गाडी परत पाठवत नाही. पण रंगाची छटा मात्र आरसीवरचीच हवी. ‘पूर्ण गाडी रंगवायचीच आहे तर जरा वेगळा कलर करू’ असं पेंटरने सुचवलं तर नको म्हणा. रंग बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते आणि ऐन पासिंगच्या तोंडावर नवीन फाईल सुरू होते.

चासी नंबरची जागा तर पॅकेजमधून बाहेरच काढा. काही गाड्यांत तो इंजिनमागच्या फायरवॉलवर असतो, काहींत पुढच्या सीटखालच्या फ्लोअरवर. दोन्ही जागा गंजाच्या आवडीच्या. डेंटरने तिथे सवयीने ग्राइंडर फिरवला की अंक पुसट झालेच म्हणून समजा, आणि ते पुन्हा पंच करून घेणं म्हणजे आरटीओची परवानगी, चौकशी, सगळंच आलं. ही जागा हाताने साफ करायची: नायलॉनचा ब्रश, थोडं रॉकेल, सुती फडकं. घट्ट गंज असेल तर बोटभर जेल रस्ट रिमूव्हर लावून, ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून पातळ ग्रीस. रंग नको, पुट्टी तर नकोच. आणि गाडी गॅरेजला देण्याआधी नंबरचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.

आता गंज. पॅकेजचा भाव ठरतो बाहेरून दिसणाऱ्या गंजावर, आणि चूक नेमकी तिथेच होते. जो दिसतो तो बहुतेक वेळा कमी धोक्याचा. बॉनेटच्या कडेवरचा लाल डाग कुरूप दिसतो, पण तो निभावून जातो. ड्रायव्हरच्या पायाखाली, मॅटच्या आणि फोमच्या खाली फ्लोअर ओलं राहून सडलेलं असतं, ते कोणी उचलून बघत नाही. एसीची पाण्याची नळी तुंबली की पाणी आत येतं आणि फोम महिनोन् महिने ओलाच राहतो. त्याखेरीज बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, मागच्या चाकाच्या कमानीची आतली कड, डिकीत स्टेपनीचा खड्डा, दारांच्या खालच्या कडा आणि सगळ्यात महत्त्वाचा रनिंग बोर्ड, म्हणजे दारांखालची लांब पोकळ पेटी. सीएनजीची टाकी असेल तर तिच्या ब्रॅकेटचे बोल्ट जिथे डिकीच्या पत्र्यातून आरपार जातात ती जागा खालून बघा. तिथला पत्रा सडला असेल तर मामला बॉडीच्या दिखाऊपणाचा राहत नाही.

तपासायला फार काही लागत नाही. गाडी रॅम्पवर किंवा पिटवर घ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्डवर चार-चार इंचांवर टकटक करत जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो. सडलेला किंवा पुट्टी भरलेला भद्द आवाज देतो. भद्द वाजला तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. रनिंग बोर्डच्या तळाच्या निचऱ्याच्या भोकातून टकटक करताना तांबडी पूड आणि पापुद्रे गळायला लागले तर पेटी आतून चालली आहे, वरचा रंग कितीही चकचकीत असो. साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा; जिथे धरत नाही तिथे पुट्टीचा थर आहे. ही तपासणी करायला अर्धा तास लागतो. ती करण्याआधीच एकरकमी आकडा सांगणारा डेंटर तुमच्या गाडीचा नव्हे, तर त्याला हव्या असलेल्या कामाचा भाव सांगत असतो.

गंज तीन प्रकारचा धरावा. वरवरचा, जो घासला की खाली गुळगुळीत पत्रा सापडतो. खड्ड्यांचा, जिथे घासल्यावर काळ्या टिंबांची चाळण उरते. आणि आरपार. पहिल्याला रसायन चालतं, दुसऱ्याला रसायन आणि एपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा, पाणी अडवणारा थर) मिळून, तिसऱ्याला फक्त वेल्डिंग. गॅरेजची तिन्हींना एकच दवा देण्याची प्रवृत्ती असते, ती म्हणजे पुट्टी.

कुठला आरपार गंज सोडून चालेल आणि कुठला नाही, याला ब्रिटनच्या एमओटी, म्हणजे तिथल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीची मोजपट्टी चांगली आहे आणि आपल्या गाडीलाही लावून बघण्यासारखी आहे. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्टचे आधार जिथे पत्र्याला जोडले आहेत, तिथून ३० सेंटीमीटरच्या आत पत्र्याची ताकद लक्षणीय कमी करणारा गंज असेल तर गाडी नापास. अशा भार घेणाऱ्या जागी पुट्टी, फायबर किंवा ब्राझिंगचा (पितळ वितळवून जोडलेला) पॅच दुरुस्ती म्हणून धरतच नाहीत. पत्रा कडेकडेने सलग वेल्ड केलेला हवा. आपल्याकडच्या तपासणीत कोणी पट्टी घेऊन खाली शिरत नाही. पण अपघातात सीटबेल्ट ज्या पत्र्याला धरून असतो तो आरटीओचा शिक्का बघून मजबूत होत नाही.

तर पत्र्याचं काम. पॅकेजमधला हाच भाग मन लावून करून घ्यावा आणि इथे घासाघीस करू नये. सडलेला पत्रा कटिंग व्हीलने कापून काढायचा, आणि तोही निदान दोन सेंटीमीटर चांगल्या पत्र्यात शिरून. डेंटर बहुतेक वेळा भोकावरच नवा तुकडा ठेवून टाके मारतो. कडेचा कागदासारखा झालेला पत्रा वेल्डिंग घेत नाही, जळून भोक मोठं होतं, मग त्यावर आणखी मोठा पॅच. खाली सडका तुकडा तसाच राहतो आणि दोन पत्र्यांच्या फटीत पाणी धरतो.

पत्रा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड घ्यायचा. बाहेरच्या पॅनेलला २२ गेज (साधारण ०.७ मिमी), रनिंग बोर्डला २० गेज (०.९ मिमी), फ्लोअरला २० किंवा १८ गेज (१.२ मिमी). गॅरेजच्या कोपऱ्यातला छपराचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू देऊ नका. त्यावरचं जस्त जळून वेल्डमध्ये बुडबुडे धरतं आणि धूर वेल्डरला ताप आणतो. काही जण ‘जीआय आहे साहेब, गंजणार नाही’ म्हणून तो मुद्दाम विकतात. वेल्डच्या रेषेवरचं जस्त तर आधीच उडालेलं असतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

वेल्डिंग सीओटू (वायूच्या आडोशात तार वितळवणारं) हवं, तार ०.८ मिमी, जमल्यास ०.६. जुनं गॅस वेल्डिंग किंवा पितळी ब्राझिंग बाहेरच्या पॅनेलवर पत्रा वाकवतं, शिवाय ब्राझिंगचा फ्लक्स नीट धुतला नाही तर तोच पुढे गंज पेटवतो. कामाची पद्धत बघायला पाच मिनिटं उभं राहा. चांगला वेल्डर पॅच क्लॅम्पने धरून आधी कोपऱ्यांवर टाके मारतो, मग एका बाजूचा टाका झाला की समोरच्या बाजूला जातो, आणि असं उड्या मारत फटी भरून सलग रेष करतो. एका दमात सरळ रेष ओढणाऱ्याचा पत्रा तापून लाटांसारखा उठतो, आणि त्या लाटा लपवायला मग पाच मिमी पुट्टी. पॅच एकावर एक चढवून मारला असेल तर १० ते १२ मिमी ओव्हरलॅप पुरे, आणि त्या सांध्याला खालून पीयू सीम सीलंट (सांधा बंद करणारा रबरी लगदा) लागलंच पाहिजे. पण कधी? आधी एपॉक्सी प्रायमर, मग सीलंट. उघड्या पत्र्यावर लावलेलं सीलंट वर्षभरात एका कडेने सुटतं.

वेल्डिंगआधीची तयारी डेंटरवर सोडू नका, स्वतः सांगा: बॅटरीची निगेटिव्ह केबल काढणं, आतली मॅट, फोम आणि सीट बाहेर, फ्लोअरखालून जाणारी पेट्रोलची आणि ब्रेकची नळी बाजूला. रनिंग बोर्डच्या आतून वायरिंगचा हार्नेस जातो का ते आधी बघा. मागच्या भागात वेल्डिंग असेल तर सीएनजीची टाकी उतरवूनच. ती उतरवलीच आहे तर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टची (टाकीच्या दाब-तपासणीची) तारीखही बघून घ्या. पासिंगला तो दाखला लागतो.

रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे वर म्हटलेलं गंजावर लावायचं रसायन, त्याबद्दल जाहिरातीपेक्षा निम्मं खरं धरा. पण ते निम्मं खरोखर खरं आहे. टॅनिक ॲसिडवाले गंजाशी मिळून काळा, टणक थर करतात. फॉस्फोरिक ॲसिडवाले करडा फॉस्फेटचा थर करतात. टॅनिकवाल्याला काम करायला गंज लागतो, म्हणजे चकचकीत घासलेल्या पत्र्यावर टॅनिकवालं लावणं हे पैसे ओतणं. उलट पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर लावलं तर ते वरच्या थरातच संपतं आणि खाली गंज चालू राहतो. म्हणून सुटा गंज वायर ब्रशने काढायचा, साबणाच्या पाण्याने चिखल आणि मीठ धुवायचं, वाळवायचं, मग ब्रशने पातळ हात. २०-३० मिनिटांनी दुसरा हात. बाटलीत ब्रश बुडवायचा नाही, वाटीत काढून घ्यायचं. गंजाचे कण बाटलीत गेले की उरलेलं सगळं औषध बाटलीतच पिकतं. रंग चढवण्याआधी २४ तास थांबा. फॉस्फोरिकवालं असेल तर त्याचा चिकट अवशेष लेबलवर सांगितल्याप्रमाणे धुवून किंवा पुसून काढल्याशिवाय एपॉक्सी प्रायमर लावू नका. ॲसिड राहिलेल्या पत्र्यावर एपॉक्सी नीट धरत नाही आणि काही महिन्यांत कांद्याच्या सालीसारखी निघते. कमानीची आतली बाजू, सस्पेन्शनच्या भोवतालचा पत्रा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, इथे कन्व्हर्टर पैसे वसूल करतो. भोकाला तो काहीही करत नाही.

त्यावर टू-के (दोन भागांचा, हार्डनर मिसळून लावायचा) एपॉक्सी प्रायमर. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेवढंच, अंदाजपंचे नाही. वन-के (एकाच डब्यातला, हार्डनर नसलेला) करडा प्रायमर स्वस्त पडतो, लगेच वाळतो, म्हणून पेंटरला आवडतो. पण तो सच्छिद्र असतो, पाणी अडवत नाही. पॅकेजच्या कोटेशनमध्ये फक्त ‘प्रायमर’ असं लिहिलं असेल तर तो वन-केच असणार. ‘टू-के एपॉक्सी’ असं लिहून घ्या. सगळ्या बिलात कमी पैशात सर्वांत जास्त फरक पाडणारी ओळ हीच.

पुट्टीबद्दल पेंटरशी वाद होणार, तयारीत राहा. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. आपल्याकडे मात्र पुट्टी पाणी मारत वॉटर पेपरने घासायची पद्धत सर्रास आहे. धूळ उडत नाही, पेपर भरत नाही, हात लवकर चालतो. ते पाणी पुट्टीत मुरतं, वरून रंगाचा थर बसतो, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पॅचच्या कडेने फोड. म्हणून पुट्टी कोरडीच घासायची: ८० नंबर, मग १२०-१८०, शेवटी ३२०. पाणी चालतं ते सरफेसर (पुट्टीवरचा, रंगाखालचा थर) चढल्यानंतर, ६००-८०० च्या पेपरला. हार्डनर वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. घाईत जास्त घातला की पुट्टी लवकर दगड होते, पण उरलेलं पेरॉक्साइड वरच्या रंगातून पिवळे डाग काढतं. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाड्यांवर हे डाग विशेष उठून दिसतात. जाडी २ ते ३ मिमी. त्याहून जास्त लागत असेल तर पत्रा नीट ठोकलेला नाही, त्याला डेंटरकडे परत पाठवा. एनसी पुट्टी (ट्यूब-डब्यातली, हार्डनरशिवाय वाळणारी) फक्त सुईच्या टोकाएवढ्या भोकांसाठी, ती आकसते.

रंगाचं जास्त सांगत नाही. पासिंगसाठी पूर्ण गाडी रंगवणं ही चैन आहे. जिथे काम झालं ते पॅनेल पूर्ण, रंगाच्या कोडवरून मिसळलेला बेस (रंगाचा थर) आणि वर टू-के क्लिअर (पारदर्शक चकाकीचा थर), एवढं पुरे. जुन्या उन्हाने उडालेल्या रंगाशी छटा शंभर टक्के जुळणार नाही, ते मान्य करून टाका.

राहिलं अंडरकोटिंग. पॅकेजमधला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात घातक भाग. गाडी रॅम्पवर, खालून पाण्याचा फवारा, तासाभराने काळा रबरी थर, संध्याकाळी चावी हातात. आत अडकलेला ओलावा आणि मीठ आता बाहेर पडायला जागा नाही. बिटुमेनचा थर उन्हा-थंडीने तडकतो, तड्यांतून पाणी शिरतं, थराखाली फिरत राहतं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोन वर्षांनी रबर सोललं की त्याच्या आतल्या बाजूला पत्र्याचाच पापुद्रा चिकटून येतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे फार बघायला मिळतं.

तेच काम नीट केलं तर चांगलं आहे. प्रेशर वॉश, मग निदान एक पूर्ण दिवस कोरड्या जागी, दारं-डिकी उघडी. गंज वायर ब्रश, कन्व्हर्टर, एपॉक्सी. एपॉक्सी वाळल्यावर रबरी थराचे दोन पातळ हात. सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम, ड्राइव्ह शाफ्ट, रबरी बुश, हँडब्रेकची केबल मास्क केलेली. आणि निचऱ्याची भोकं कागदाच्या गुंडाळीने किंवा मास्किंग टेपने बंद केलेली, काम झाल्यावर उघडलेली. रनिंग बोर्डची आणि दारांची भोकं अंडरकोटिंगने बुजली की पेटीत गेलेलं पाणी तिथेच राहतं. गाडी घेताना सायकलच्या स्पोकने प्रत्येक भोक उघडं आहे का ते तपासा; गॅरेजवाला हसेल, हसू द्या.

पॅकेजमध्ये जे नसतंच आणि असायला हवं ते कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ जागांत फवारायचं मेण. रनिंग बोर्ड, दारांचा तळ, क्रॉस मेंबर (फ्लोअरखालची आडवी पेटी) अशा पोकळ जागा आतून सडतात आणि तिथे ब्रश पोचत नाही. लांब नळीच्या, चारी बाजूंना फवारणाऱ्या नोझलने भोकांतून आत मारायचं. वेल्डिंग आणि रंग दोन्ही पूर्ण झाल्यावरच, कारण आधी मारलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने जळतं आणि बाहेर झिरपलेल्या थेंबावर रंग धरत नाही. नवीन पॅचच्या मागच्या बाजूला तर हे हवंच. वेल्डिंगने तिथला जुना रंग जळून गेलेला असतो आणि ती जागा उघडा पत्रा म्हणून राहते. वॅक्सऐवजी जळकं इंजिन ऑइल फवारून देणारे अजूनही आहेत. ते काही काळ काम करतं हे खरं, पण रबरी बुश फुगवतं, रस्त्यावर ठिबकतं, आणि पुढच्या वेळी त्या जागी वेल्डिंग करताना पेट घेतं.

कोटेशन मागताना चार आकडे वेगळे लिहून घ्या: पत्रा आणि वेल्डिंग इंचाच्या किंवा पॅचच्या हिशोबाने, एपॉक्सी आणि सीलंट, रंग पॅनेलप्रमाणे, खालचं कोटिंग. एजंटचे पैसे यात मिसळू देऊ नका. कापून काढलेला सडका पत्रा दाखवायला सांगा, आणि प्रायमर लागल्यावर, पुट्टीआधी एकदा येऊन बघणार असं बजावून ठेवा. ज्या गॅरेजला ही अट जाचक वाटते तिथे गाडी सोडू नका. रनिंग बोर्ड दोन्ही बाजूंनी आणि फ्लोअरही आरपार, शिवाय सस्पेन्शनच्या बैठकीजवळ भोकं, अशी तिन्ही मिळून अवस्था असेल तर पॅकेज घेऊच नका. त्या गाडीला पाच वर्षांचा कागद मिळेलही, पण पत्र्याला पत्रा धरायला जागा उरलेली नसते. ती सरळ अधिकृत स्क्रॅपिंग केंद्राकडे द्या आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घ्या.